एका घराने सरकलेली उत्तरं

आमच्या घरात दोन धंदे चालतात आणि दोन्ही तोंडाचे. खालच्या मजल्यावर माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, लोकांना तोंड उघडायला लावतो. तो दातांचा डॉक्टर आहे. वरच्या मजल्यावर त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, लोकांना तोंड कधी बंद ठेवायचं ते शिकवते. कंपन्या, बँका, इस्पितळं यांच्यावर काही बालंट आलं की त्यांच्या वतीने टीव्हीवर कुणाला तरी बोलायला जावं लागतं. त्या माणसाची बोबडी वळू नये म्हणून वहिनी आधी त्याची तयारी करून घेते. मी तिच्या वर्गात कॅमेरा सांभाळतो. आई काहीच करत नाही असं ती स्वतः सांगते, पण तिच्या परवानगीशिवाय घरात पंखासुद्धा फिरत नाही.

वहिनी आधी रेडिओवर बातमीदार होती. मुलाखती घ्यायची. इतक्या गोड आवाजात विचारायची, की समोरच्याला वाटायचं बाई आपल्याच बाजूची आहे. आपण कोंडीत सापडलो हे त्याला घरी पोचल्यावर बायको सांगायची. मग ते केंद्र बंद पडलं आणि वहिनी घरी बसली. घरी बसून तिने आमच्याच मुलाखती घ्यायला सुरुवात केली. "भाजी आणायची विसरलास हे मान्य, पण विसरण्याचा निर्णय नेमका कधी झाला?" असलं काहीतरी. दादा खाली दवाखान्यात जास्त वेळ काढू लागला.

तिचा धंदा सुरू झाला तो दादाच्याच खुर्चीतून. बससेवेचा एक व्यवस्थापक झोपेत दात खातो म्हणून आला होता. दादाने तपासलं आणि म्हणाला, "दात ठणठणीत आहेत. डोक्यात काय चाललंय?" तोंडात कापूस होता तरी तो माणूस भडाभडा बोलला. बस बंद पडल्या होत्या, टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं, आणि कॅमेऱ्याचा विचार त्याला झोपेतही सोडत नव्हता. दादा म्हणाला, "याला माझ्याकडे औषध नाही. वर जा, आमच्या हिच्याकडे." तो वर गेला आणि मुलाखत नीट देऊन आला. त्याचं दात खाणं थांबलं, आणि त्याने आणखी चार माणसांना वरचा जिना दाखवला.

वरची खोली म्हणजे दवाखान्यातलं टाकाऊ सामान. जुन्या वेटिंग रूमचा रेक्झिनचा सोफा, एक प्रखर दिवा, माझा कॅमेरा आणि मधोमध एक गोल फिरणारी खुर्ची. ती खुर्ची वहिनीने मुद्दाम ठेवली होती. घाबरलेला माणूस नकळत तिच्यावर डावीउजवीकडे झुलू लागतो आणि पडद्यावर चोरासारखा दिसतो. खालून ड्रिलची घरघर यायची. सुरुवातीला वहिनी वैतागायची. नंतर म्हणू लागली, "असू दे. या आवाजात जो शांत बोलला, त्याला स्टुडिओ म्हणजे माहेर."

तिचं शिकवणं साधं होतं. आधी उत्तर द्या, पुराण नंतर. 'नो कॉमेंट' म्हणू नका, लोक त्याचा अर्थ 'हो' असाच लावतात. प्रश्नात काटेरी शब्द आला तर तो उचलून आपल्या उत्तरात ठेवू नका. "तुम्ही लबाड आहात का?" असं विचारलं आणि तुम्ही "मी लबाड नाही" म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या फोटोखाली तेवढंच छापून येतं. आणि बातमीदार प्रश्न विचारून गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. रिकामी जागा भरायला गेलेला माणूस हमखास स्वतःचा खड्डा खणतो.

हे सगळं आमच्या कानावर रोज पडायचं, त्यामुळे घरातही ते झिरपलं. एकदा दादाला जेवायला फार उशीर झाला. आईने विचारलं, "कुठे होतास?"

"आई, तुझी काळजी मी पूर्णपणे समजू शकतो," दादा म्हणाला. "पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे..."

"समजू नकोस," आई म्हणाली. "हात धू."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शहराच्या नळांना लाल पाणी येऊ लागलं. लाल म्हणजे अगदी चहासारखं. बादलीत पांढरा शर्ट टाकावा आणि खाकी काढावा. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं म्हणावं तर नळाला भरपूर होतं, फक्त तोंडाला लावण्यासारखं नव्हतं. पाणीपुरवठा कंपनीच्या फाटकासमोर माणसं बादल्या घेऊन उभी राहिली. टीव्हीवर एक मुलाखतकार होता, त्याला सगळे 'चिमटा' म्हणत, कारण तो हसत हसत विचारायचा आणि वळ दुसऱ्या दिवशी दिसायचा. त्याने कंपनीच्या मुख्य साहेबांना थेट कार्यक्रमात बोलावलं. साहेब दुसऱ्याच दिवशी आमच्या जिन्यात हजर.

साहेब उंच, नीटनेटके, आणि आयुष्यभर वर्गात पहिले आलेले. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही खुर्चीत बसायच्या आधी. त्यांच्या लेखी मुलाखत ही तोंडी परीक्षा होती. वहिनीने नियम सांगितले, साहेबांनी एकदाच ऐकून धडाधडा म्हणून दाखवले. खुर्चीवर ते इतके स्थिर बसले की मला कॅमेरा अडकला की काय असं वाटलं.

मग सराव सुरू झाला. वहिनी चिमट्याच्या आवाजात विचारायची, साहेब उत्तर द्यायचे. नळाला असं पाणी का येतंय? "नागरिकांना झालेल्या त्रासाची आम्हाला पूर्ण जाणीव आहे आणि त्याबद्दल मनापासून खेद आहे." जबाबदार कोण? "चौकशी चालू आहे. ती पूर्ण होण्याआधी कुणाचं नाव घेणं योग्य ठरणार नाही." हे पाणी प्यायचं का? "उकळून, गाळून घ्यावं. लहान मुलांना आणि वृद्धांना देऊ नये." किती दिवस चालणार? "आमची माणसं दिवसरात्र त्याच कामात आहेत. कुणीही घरी गेलेलं नाही." राजीनामा देणार का? "मी खुर्चीला चिकटून बसणारा माणूस नाही, पण आज पळून जाणं हा भित्रेपणा ठरेल."

"छान!" वहिनी म्हणाली.

तो शब्द ऐकताच साहेबांचा चेहरा असा खुलला, की ते शाळेत असताना कसे दिसत असतील ते मला स्पष्ट दिसलं. "पुन्हा घ्या," ते म्हणाले. वहिनीने पुन्हा घेतलं. तेच प्रश्न, तीच उत्तरं, पुन्हा 'छान'. ततपप करणारे, घाम पुसणारे, "काय विचारलंत?" म्हणणारे लोक बघून ती कंटाळली होती. असा विद्यार्थी तिला कधी मिळालाच नव्हता. दिवसभर ती त्यांना त्याच वाटेवरून फिरवत राहिली आणि दोघंही खूश होते. साहेब गेल्यावर ती मला म्हणाली, "याला काही शिकवावंच लागलं नाही रे."

कार्यक्रमाच्या वेळी आम्ही सगळे टीव्हीसमोर. दादाने दवाखाना लवकर बंद केला होता. आईने चष्मा पुसून घेतला. पडद्यावर साहेब आले. ताठ, शांत, हात मांडीवर.

चिमट्याने हसून सुरुवात केली. "साहेब, तुम्ही आलात, आभार. माझा आवाज नीट येतोय ना तुम्हाला?"

"नागरिकांना झालेल्या त्रासाची आम्हाला पूर्ण जाणीव आहे," साहेब म्हणाले, "आणि त्याबद्दल मनापासून खेद आहे."

वहिनी सोफ्यावर पुढे सरकली.

चिमट्याने मान डोलावली. "बरं. लोकांच्या नळाला असं पाणी का येतंय?"

"चौकशी चालू आहे. ती पूर्ण होण्याआधी कुणाचं नाव घेणं योग्य ठरणार नाही."

"अरे देवा," वहिनी म्हणाली. "एक घर पुढे सरकला हा."

"छान बोलतोय की," दादा म्हणाला.

"पुढचं ऐक."

चिमटा पुढे वाकला. "नाव घेऊ नका, पण जबाबदार कोण? तुमचे अभियंते?"

"उकळून, गाळून घ्यावं," साहेब ठणकावून म्हणाले. "लहान मुलांना आणि वृद्धांना देऊ नये."

आमच्याकडे आई म्हणाली, "अभियंत्यांना उकळायचं?"

"साहेब," चिमटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला गोडवा पहिल्यांदाच डळमळला, "मी पाण्याबद्दल विचारतो. तुम्ही स्वतः हे पाणी पिता?"

"आमची माणसं दिवसरात्र त्याच कामात आहेत. कुणीही घरी गेलेलं नाही."

दादा सोफ्यावरून खाली घसरला होता. मला हसू आवरत नव्हतं. एकटी वहिनी हसत नव्हती. ती दोन्ही हात गालांवर ठेवून, साहेबांना ऐकू जाईल अशा आशेने, "थांबा... थांबा ना हो..." असं पुटपुटत होती.

"निदान हे किती दिवस चालणार ते तरी सांगा."

"मी खुर्चीला चिकटून बसणारा माणूस नाही, पण आज पळून जाणं हा भित्रेपणा ठरेल."

"म्हणजे राजीनाम्याची चर्चा आहे? देताय राजीनामा?"

आता साहेबांची उत्तरं संपली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. ते गप्प बसले. चिमटाही गप्प बसला. आणि बातमीदार गप्प बसला की आपणही गप्प बसायचं हे साहेबांना तोंडपाठ होतं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. शेवटी हार मानली ती चिमट्याने. "ठीक आहे," तो म्हणाला. "प्रेक्षकांना काही सांगायचंय?"

"नागरिकांना झालेल्या त्रासाची," साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी शहरात दुसरा विषय नव्हता. लोक लाल पाणी विसरले. रिक्षावाले, दुकानदार, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या तोंडी एकच, 'उकळून, गाळून घ्यावं'. कुणी नवऱ्याबद्दल म्हणत होतं, कुणी गणिताच्या मास्तरांबद्दल. कंपनीच्या अभियंत्यांना तर रस्त्यावर डबकं बघायला उतरणं मुश्कील झालं. कुणीतरी हटकून विचारायचंच, "साहेब, उकळलात का?"

संध्याकाळी वहिनीचा फोन वाजला. चिमटा होता. साहेबांना कुणी पढवलं हे त्याला कळलं होतं. "मॅडम," तो म्हणाला, "उद्या तुम्ही या."

वहिनीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. इतकी वर्षं ती प्रश्न विचारणाऱ्या टोकाला होती, नाहीतर बाजूला. त्या खुर्चीत ती कधी बसलीच नव्हती.

जेवणानंतर दादा म्हणाला, "चल, तुझा सराव घेतो." आम्ही टेबलाभोवती बसलो. दादाने विचारलं, "तुमच्यामुळे हे झालं का?" वहिनी म्हणाली, "या घटनेकडे व्यापक दृष्टीने बघायला हवं." मी विचारलं, "तुम्ही माफी मागणार?" ती म्हणाली, "महत्त्वाचं म्हणजे नागरिकांना पाणी मिळणं." उत्तरं एकदम सफाईदार होती. आम्ही टाळ्या वाजवणार एवढ्यात आई म्हणाली, "माझा एक प्रश्न."

"विचारा ना, आई."

"तू लोकांना खोटं बोलायला शिकवतेस का गं?"

"आई, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि..."

"प्रश्न कसा आहे ते मला माहीत आहे, मीच विचारलाय. उत्तर दे."

वहिनीने टेबलावरचा पाण्याचा तांब्या उगाच सरकवला. मग हळूच म्हणाली, "खोटं नाही शिकवत. खरं बोलायला वेळ कसा लावायचा, ते शिकवते."

"हं," आई म्हणाली आणि उठली. "मग उद्या जास्त वेळ लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर स्टुडिओत गेलो. तिथली खुर्चीही फिरणारी होती. वहिनी बसल्याबसल्या डावीउजवीकडे झुलू लागली. काचेपलीकडून मी हातवारे केले, पण तिचं लक्ष नव्हतं.

चिमट्याने या वेळी आवाज येतोय का ते विचारलं नाही. थेट मुद्द्याला हात घातला. "साहेबांना तुम्हीच तयार केलंत?"

"हो."

"मग काय चुकलं?"

"मी चुकले," वहिनी म्हणाली. "दरवेळी प्रश्न त्याच क्रमाने विचारले. हुशार विद्यार्थी मिळाला म्हणून हुरळले आणि क्रम बदलायचा आळस केला. मी जे शिकवलं तेच साहेबांनी म्हटलं. त्यांना हसू नका, मला हसा."

चिमट्याने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की पुढचे सगळे प्रश्न ती नाकारणार हे धरून तयार केलेले होते. त्याने समोरचे कागद चाळले. "पण... म्हणजे... तुम्ही जबाबदारी झटकता आहात असं लोकांना..."

"नाही, घेतेय."

"बरं. तुम्ही लोकांना गोष्टी लपवायला शिकवता असा आरोप आहे."

"काही वेळा खरा आहे."

चिमटा गप्प बसला. वहिनीही गप्प बसली, पण नियम म्हणून नव्हे. तिला खरंच आणखी काही सांगायचं नव्हतं. काचेपलीकडे माझ्या शेजारी उभी असलेली निर्माती दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं करत होती, म्हणजे लांबव, लांबव. अर्धा कार्यक्रम अजून शिल्लक होता. चिमट्याच्या कपाळावर घाम आला. आणि तेवढ्यात वहिनीतली शिक्षिका जागी झाली. घामाघूम माणूस समोर दिसला की तिला राहवतच नाही.

"असं करा," ती मायेने म्हणाली, "आता मला विचारा, की लाल पाण्याचं खरं कारण काय."

"लाल पाण्याचं खरं कारण काय?" चिमट्याने आज्ञाधारकपणे विचारलं.

"मला काय माहीत? मी पाण्यातली नाही. तुम्ही अभियंत्यांना बोलवा. पण कृपा करून न उकळता बोलवा."

स्टुडिओत कॅमेरेवालेसुद्धा हसले. चिमटा हसला, आणि त्याचं ते हसणं मी पहिल्यांदाच खरं पाहिलं. उरलेला वेळ दोघांनी मिळून काढला. ती प्रश्न सुचवायची, तो विचारायचा, ती उत्तर द्यायची. एका ठिकाणी तर तिने त्याला सांगितलं, "हा प्रश्न दोनदा झाला, पुढचा घ्या."

अभियंत्यांना खरंच बोलावलं गेलं. त्यांच्यातल्या एका अवघडलेल्या माणसाने, हातातली टोपी पिळत, सांगितलं की जुनी लोखंडी वाहिनी आतून गंजली होती आणि नव्या पंपाच्या जोराने तो गंज सुटून नळांत आला. पंप हळू करावा लागला, वाहिनी बदलावी लागली. बरेच दिवस गेले. लोकांनी कुरकुर केली, पण काय चाललंय ते कळल्यामुळे फाटकावरची गर्दी ओसरली.

साहेब आमच्याकडे आले ते त्यानंतर. जिन्यात त्यांची पावलं ऐकून वहिनी उभीच राहिली. वाटलं, आता आरडाओरडा. पण साहेब सोफ्यावर टेकले, रुमालाने चष्मा पुसला आणि विचारलं, "मॅडम, एक विचारू? उत्तरं तर सगळी बरोबर होती ना?"

"सगळी बरोबर होती, साहेब."

"मग?"

"प्रश्न चुकले," वहिनी म्हणाली.

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला. "तरीच," ते म्हणाले. चहा घेतला आणि शांत मनाने गेले. कंपनीने पुढे त्यांना बोलायचं काम दिलं नाही. ते पूर्वीसारखे कागद तपासू लागले, आणि त्यात ते अजूनही पहिलेच आहेत.

वहिनीचा वर्ग काही काळ ओस पडला. दादाचे पेशंट मात्र वाढले. दात दाखवायच्या निमित्ताने लोक जिन्याकडे बघून जायचे. मग हळूहळू वेगळीच गिऱ्हाईकं येऊ लागली. त्यांना निसटायचं नव्हतं. त्यांना 'मी चुकलो' म्हणायला शिकायचं होतं. टीव्हीवर वहिनीचं बघून त्यांच्या वरिष्ठांना ते फार परिणामकारक वाटलं होतं.

वहिनी म्हणते, याच्याइतकं अवघड तिने आजवर काही शिकवलं नाही. आपल्या भाषेतही पळवाटा थोड्या नाहीत. परवा एका बिस्किट कारखान्याचा मालक बसला होता. पाकिटांवर चुकीची तारीख छापली गेली होती. पहिल्यांदा तो म्हणाला, "चूक झाली."

"कुणाकडून?" वहिनीने विचारलं.

"झाली. आपोआप होते कधीकधी."

"पुन्हा."

"आमच्याकडून चूक झाली असावी."

"असावी?"

"चूक झाली, असं वाटायला जागा आहे."

"'मी' पासून सुरू करा."

"मी," तो म्हणाला. मोठा श्वास घेतला. "मी... च..." आणि त्याला खोकला आला. पाणी दिलं. पुन्हा 'मी' पर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यापुढे लगेच 'परंतु' घालता येईल का?" दुपारभर हेच चाललं होतं. मी दोनदा बॅटरी बदलली.

इतक्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने घाईघाईने कानाला लावला. "हो गं... अगं हो, आणायचं होतं, विसरलो... नाही, नाही, तुझं काही नाही, मीच चुकलो... चुकलो म्हटलं ना, पूर्ण चूक माझीच."

वहिनी खुर्चीतून ताडकन उठली. "हेच! अगदी हेच! आता फोन ठेवा आणि कॅमेऱ्याकडे बघून असंच म्हणा."

मालकाने मोबाइल खिशात ठेवला, कोट नीट केला आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने भलतंच काही सुचवलं होतं.

"छे हो, मॅडम," तो म्हणाला. "इथे मी प्रवक्ता. घरी मी आरोपी असतो."